अंगठ्याला चुना कळेना : मानेच्या एका गादीचं प्रकरण

"साहेब, तंबाखू मळताना अंगठ्याखाली चुना किती आला ते कळत नाही." बाह्यरुग्ण विभागात आलेल्या एका माथाडी कामगाराचं हे पहिलं वाक्य. वय ४९. गळ्यात मानेचा पट्टा, काखेत एमआरआयची भली मोठी पिशवी, सोबत बायको आणि टोळीचे मुकादम. गाव साताऱ्याकडे जावळीच्या डोंगरात, राहणं नवी मुंबईत, आणि २६ वर्षं कांदा-बटाट्याच्या गोण्या उचलण्याचं काम. त्यांच्या परवानगीनं आणि ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून हे प्रकरण मांडतो आहे. ते आले होते उजव्या हाताच्या कळेसाठी, आणि त्यांना असलेला खरा धोका अजिबात दुखत नव्हता. मानेच्या रुग्णांत अशी गफलत मी वारंवार पाहतो.

सुरुवात सात महिन्यांपूर्वीची. ट्रकवरून गोणी मानेवर घेताना मानेत काहीतरी "कट्कन" झालं, दोन दिवसांनी उजव्या खांद्यापासून दंडाच्या बाहेरच्या बाजूनं अंगठ्यापर्यंत कळ सुरू झाली. रात्री झोप नाही. हात डोक्यावर ठेवला की बरं वाटायचं, म्हणून ते तसेच झोपायचे. आधी खांद्याचा आजार समजून खांद्यात इंजेक्शन झालं. मग अंगठा आणि तर्जनीला मुंग्या येतात म्हणून मनगटातली नस दबल्याचं निदान झालं, नसांची चाचणी झाली, त्यात मनगटाशी थोडा मंदपणा दिसला आणि मनगटाच्या ऑपरेशनची तारीखही ठरली. ज्यांनी ही निदानं केली त्यांना दोष देणं सोपं आहे, पण मधुमेह असलेल्या आणि आयुष्यभर हातांनी राबलेल्या माणसाच्या मनगटात थोडाफार मंदपणा सापडतोच. कागदावर तो खराही होता. ऑपरेशनच्या आधीच कळ मानेपासून निघते हे त्यांच्या एका पुतण्यानं हेरलं आणि एमआरआय करून आणला.

मधल्या काळात दहा दिवस वजन लावून मान ओढून झाली होती. आणि कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढीनंतर डोक्याची मालिश करून घेऊन शेवटी मान दोन्ही बाजूंना मोडून घेणं, हे तर दर आठवड्याचं. "तेवढ्यापुरतं हलकं वाटतं," असं ते म्हणाले. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. का, ते पुढे येईलच.

तपासणी

एमआरआयची पिशवी मी बाजूला ठेवायला सांगितली. फिल्म आधी पाहिली की डोळा तिच्यातच अडकतो आणि मग माणसात तेच सापडत राहतं.

आधी थोडी रचना. मानेत ७ मणके, त्यांच्यामध्ये ५ गाद्या, कारण पहिल्या दोन मणक्यांमध्ये गादीच नसते; सातव्याच्या खालची धरली तर ६. नसांच्या जोड्या मात्र ८. त्यामुळे पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली गादी मागे सरकली की दबते ती सहावी नस, आणि सहाव्या-सातव्यामधली सरकली की सातवी. सहावी नस अंगठा आणि तर्जनीची संवेदना आणते, मनगट मागे वळवायला बळ देते. सातवी मधल्या बोटाकडे जाते आणि कोपर सरळ करणारा स्नायू चालवते. नस दबली की हात दुखतो. पण त्याच गाद्यांच्या मागे, मणक्यांच्या पोकळीतून, करंगळीएवढा जाड मज्जारज्जू खाली जातो. मानेखालच्या सगळ्या शरीराचा कारभार त्याच्यातून चालतो. तो दबला तर बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. बोटं जड होतात, चाल बिघडते, आणि माणूस म्हणतो, वय झालं.

मान किंचित मागे आणि उजवीकडे झुकवून डोक्यावर हलका दाब दिला, तर कळ सरळ अंगठ्यात उतरली. या चाचणीला स्पर्लिंगचं नाव आहे, १९४४ सालापासून ती वापरात आहे. मज्जारज्जूची शंका असताना ती जपून, हलक्या हातानं करायची. उजवं मनगट मागे धरून ठेवायला सांगितलं, तर मी दोन बोटांनी ते खाली पाडू शकलो. ज्या मनगटानं २६ वर्षं आकडा मारून गोण्या ओढल्या, त्या मनगटाची ही गत. मनगटातली नस दबल्यानं असं होत नाही. मनगट मागे वळवणारे स्नायू त्या नसेवर चालतच नाहीत. मनगटाचं निदान इथेच मागे पडलं.

मग हातोडी. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूनं हाडावर ठोकलं की कोपर किंचित दुमडायला हवं. त्यांचं कोपर हललं नाही, उलट बोटं आत वळली. एवढीशी हालचाल, पण ती पाहिल्यावर मी हातोडी खाली ठेवली आणि पुन्हा एकदा ठोकून खात्री केली. पाचव्या-सहाव्या मणक्याच्या पातळीवर नस मुकी झाली आहे आणि त्याच जागी मज्जारज्जूवरही दाब आहे, म्हणून त्या खालची पातळी बेलगाम झाली आहे, असा तिचा अर्थ. कोपराच्या मागची उडी जोरात होती, गुडघ्यांची त्याहून जोरात. मधल्या बोटाचं नख टिचकीनं सोडलं की अंगठा आत ओढला जात होता, आणि तोही दोन्ही हातांत. हात दुखत होता एकच.

दहा सेकंदांत मूठ किती वेळा उघड-मीट करता येते, हे मोजायला काहीच लागत नाही. निरोगी माणूस २० च्या पुढे जातो. यांचे उजव्या हातानं १२ झाले, डाव्यानं १६.

"भाऊ, शर्टाची बटणं कोण लावतं?"

ते गप्प राहिले. उत्तर बायकोनं दिलं. "दोन म्हैनं झालं, मीच लावती की. आन् चप्पल पायातनं निसटती, ह्यांना पत्ता नसतो. परवा चाळीच्या जिन्यावर एक चप्पल वरच राहिली, हे तसंच खाली गेलं."

ते चिडले तिच्यावर. इतक्या लोकांत कशाला सांगायचं म्हणून. पण या दोन वाक्यांनी केवढं काम केलं. चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, म्हणजे पायांकडून वर जाणारी खबर वाटेत अडते आहे. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं, तर चौथ्या पावलाला त्यांनी भिंत धरली. डोळे मिटून उभं राहिल्यावर डोलले.

मज्जारज्जूच्या दाबाची तीव्रता मोजायला १८ गुणांचं एक मोजमाप आहे. मूळ जपानी अस्थिरोग संघटनेचं, आम्ही त्याची सुधारित आवृत्ती वापरतो. हातांचं काम, पायांचं काम, हातांची संवेदना आणि लघवीवरचा ताबा यांचे गुण त्यात जोडायचे. १८ म्हणजे पूर्ण निरोगी, १५ ते १७ सौम्य, १२ ते १४ मध्यम, ११ आणि खाली तीव्र. बटणं फार मुश्किलीनं म्हणून हातांना ५ पैकी ३, तोल बराच जातो पण कठड्याशिवाय जिना चढतात म्हणून पायांना ७ पैकी ५, संवेदनेला ३ पैकी २, लघवी ठीक म्हणून ३ पैकी ३. एकूण १३. मध्यम.

रक्तात बी-१२ तपासलं, कारण त्याच्या कमतरतेनंही अशीच चाल बिघडते आणि आपल्याकडे ती सर्रास सापडते. ते पुरेसं होतं. जिभेवर आणि पायांच्या स्नायूंत बारीक फडफड आहे का, हेही पाहिलं. मोटर न्यूरॉनचा, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा, आजार सुरुवातीला मानेच्या आजारासारखा दिसतो आणि त्यात मानेचं ऑपरेशन म्हणजे रुग्णावर अन्याय. तसं काही नव्हतं. तीन महिन्यांची साखर ८.२ होती, ती वेगळी डोकेदुखी.

चित्रं

आता पिशवी उघडली. अहवालात चार पातळ्यांवर गाद्या फुगल्याचं लिहिलं होतं, आणि घरच्यांनी त्याचा अर्थ "चार गाद्या फाटल्या" असा घेतला होता. आधीच्या एका सल्ल्यात चारही पातळ्यांच्या ऑपरेशनचा विषय निघाला होता. त्या रात्री घरात कोणी जेवलं नव्हतं.

गादी फुगणं म्हणजे काय, हे इथे थांबून सांगायला हवं. २०१५ मध्ये जपानमधून प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांत गादी फुगलेली सापडली. विशीतल्या तरुणांतही प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर. मज्जारज्जूवर दाब मात्र फक्त ५.३ टक्क्यांत. म्हणून अहवालातला फुगण्याचा शब्द वाचून घाबरलेल्या माणसाला मी हा आकडा सांगतो. चाळिशीनंतर केस पांढरे होतात तशा गाद्याही वाळतात. शोधायची असते ती एकच जागा, जी हातोडीनं आधीच दाखवली आहे.

एमआरआयच्या ज्या चित्रात पाणी पांढरं दिसतं, त्यात मज्जारज्जू करड्या दोरीसारखा आणि त्याच्या पुढे-मागे पाण्याची पांढरी रेघ दिसते. सी ५-६ वर, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधल्या गादीपाशी, दोन्ही रेघा पुसल्या गेल्या होत्या. आडव्या कापात मज्जारज्जू लांबट गोल दिसायला हवा, तो राजम्याच्या दाण्यासारखा पुढून खचलेला होता आणि गादीचा तुकडा मध्यापासून उजवीकडे झुकलेला. मणक्यांच्या पोकळीची पुढून मागची खोली १३ मिलिमीटरच्या खाली गेली की ती अरुंद धरतात, इथे ७ उरली होती. आणि मज्जारज्जूच्या आत, त्याच जागी, एक पांढुरका डाग. हा डाग सूज दाखवतो किंवा कायमची इजा, नुसत्या त्यावरून सांगता येत नाही. चरबी पांढरी दिसते त्या दुसऱ्या चित्रात तीच जागा काळी पडली असती तर भरून येण्याची आशा कमी झाली असती. ती काळी नव्हती. मला तेवढाच दिलासा.

सी ३-४ आणि सी ४-५ वर फुगवटा होता, पाण्याची रेघ शाबूत. सी ६-७ वर फुगवटा थोडा जास्त, दोन्ही बाजूंना नसा जिथून बाहेर पडतात त्या खिडक्या अरुंद, पण मज्जारज्जू मोकळा. आणि सातव्या नसेची एकही खूण त्यांच्या अंगावर नव्हती. कोपर सरळ करण्याची ताकद पूर्ण, मधलं बोट ठीक.

एवढ्यावर ऑपरेशन ठरवू नये असं माझं मत आहे. एमआरआय आडवं झोपवून काढतात. मान काम करते ती उभी, वाकलेली. म्हणून उभं करून साधा एक्स-रे काढला, एक सरळ, एक मान पुढे वाकवून, एक मागे टाकून. त्यात मणके एकमेकांवर घसरत नव्हते. मानेचा नैसर्गिक बाक कमी झाला होता, पण उलटा झाला नव्हता. सी ५-६ ची उंची निम्म्याहून कमी आणि तिथे हालचाल जवळपास संपलेली. शेवटी सीटी स्कॅन, कारण हाड एमआरआयला नीट दिसत नाही. मणक्यांच्या मागच्या बाजूनं उतरणारा अस्थिबंध काही लोकांत हाडासारखा कडक होतो, जपानात आणि पूर्व आशियात जास्त, पण आपल्याकडेही. तो कडक असेल तर पुढून ऑपरेशन करताना मज्जारज्जूचं आवरण फाटण्याचा धोका वाढतो आणि सगळा बेत बदलतो. इथे अस्थिबंध मऊ होता. गादीच्या कडेला दोन हाडाची टोकं वाढली होती, तीच उजव्या नसेच्या खिडकीत घुसलेली.

ऑपरेशन करायचं का, आणि कोणतं

नुसती नस दबली असती तर मी थांबलो असतो, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर शहरात १९७६ ते १९९० या काळातल्या अशा ५६१ रुग्णांचा पाठपुरावा झाला. ऑपरेशन लागलं ते साधारण २६ टक्क्यांना, आणि शेवटच्या भेटीत ९० टक्के लोकांना त्रास नव्हता किंवा किरकोळ होता. सरकलेला तुकडा शरीर हळूहळू शोषून घेतं. कळ असह्य असली तरी सहा आठवडे ते तीन महिने गोळ्या, व्यायाम आणि धीर यांना द्यावेत. माझ्या ओपीडीतले बहुतेक असेच बरे होतात.

मज्जारज्जूचं गणित निराळं आहे. तो पायरी-पायरीनं घसरतो. महिनोन् महिने स्थिर, मग एकदम एक पायरी खाली, आणि गेलेलं सगळं परत येईल याची खात्री नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक शिफारशीत मध्यम आणि तीव्र दाबाला ऑपरेशनच सुचवलं आहे. सौम्य असेल तर ऑपरेशन किंवा देखरेखीखाली व्यायाम, आणि बिघडलं तर ऑपरेशन. चित्रात दाब आहे पण अंगावर एकही खूण नाही, अशांना केवळ भीतीपोटी कापू नये. आमचे भाऊ १३ वर होते. शिवाय ट्रकच्या फळीवरून चढ-उतार. अरुंद पोकळीतला मज्जारज्जू साध्या पडण्यानंही चेचला जातो आणि दोन्ही हात एका क्षणात जातात. सलूनमधल्या त्या मान मोडण्यानं माझ्या पोटात गोळा आला तो यामुळे.

त्यांच्या मनात एकच होतं. "मानेचं ऑपरेशन म्हणजे लकवा." गावातल्या कोणाचं तरी झालेलं त्यांनी पाहिलं होतं. मी म्हणालो, "धोका नाही असं मी म्हणणार नाही. थोडा आहे. पण न करता राहण्यात जो धोका आहे तो रोज वाढतोय, आणि तो चपलेनं तुम्हाला सांगितलाय." मुकादमांनी मान डोलावली. ते काहीच बोलले नाहीत.

वाटा चार होत्या.

मागून छोट्या भोकातून नसेची खिडकी मोठी करायची, हे १९४० च्या दशकापासून चालत आलेलं ऑपरेशन. मणके जोडावे लागत नाहीत, गिळण्याला आणि आवाजाला त्रास नाही. पण ते कडेच्या तुकड्यासाठी. इथे तुकडा मध्यात, मज्जारज्जूच्या पुढ्यात. मागून तिथे पोचायचं तर मज्जारज्जू बाजूला सारावा लागेल, आणि मज्जारज्जूला हात लावायचा नसतो.

दुसरी वाट, मागून मणक्यांच्या कमानी दारासारख्या उघडून पोकळी रुंद करायची. ही जपानी सर्जनांची देणगी, १९७० च्या दशकातली. तीन-चार पातळ्यांवर दाब असेल, बाक चांगला असेल, तर उत्तम. एका पातळीसाठी मानेचे मागचे स्नायू एवढे सोलणं मला पटत नाही, आणि ओझ्याचं काम करणाऱ्याला ते स्नायू लागतात.

तिसरी, पुढून गादी काढून कृत्रिम गादी बसवायची. अमेरिकेत पहिल्या कृत्रिम गादीला २००७ मध्ये परवानगी मिळाली. हालचाल टिकते, शेजारच्या गाद्यांवर भार कमी येतो असा हेतू. त्यांचा मुलगा कुठूनतरी व्हिडिओ पाहून आला होता आणि हीच हवी म्हणून अडून बसला. बाप गमावण्याची भीती वाटणाऱ्या मुलाचा तो हट्ट होता, म्हणून त्याला शेजारी बसवून एक्स-रे दाखवला. हालचाल टिकवायची तर आधी हालचाल असावी लागते. तिथे गादीची उंची गेलेली, मागचे सांधे झिजलेले, हाडं वाढलेली. अशा जागी ती बसवली तर ती एक तर घट्ट होऊन बसते, नाही तर झिजलेले सांधे दुखत राहतात. पस्तिशीतली, मऊ तुकडा असलेली, उंची टिकलेली गादी असती तर मी स्वतःच तिचं नाव घेतलं असतं.

चौथी वाट आम्ही घेतली. पुढून गादी काढायची, मज्जारज्जू मोकळा करायचा, आणि मधल्या जागेत आधार घालून दोन मणके जोडून टाकायचे. रॉबिन्सन आणि स्मिथ यांनी १९५५ मध्ये आणि होनोलुलूच्या राल्फ क्लोवर्ड यांनी १९५८ मध्ये ही पद्धत मांडली. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा जखमींवर दिवस-रात्र ऑपरेशनं करणारे हेच क्लोवर्ड.

खरा वाद आमच्यातच झाला. माझ्या तरुण सहकाऱ्याचं म्हणणं, सी ६-७ पण आत्ताच जोडून टाकू. त्याच्या हातात आधार होता. १९९९ मधल्या हिलिब्रँड यांच्या अभ्यासात, जोडलेल्या मणक्यांच्या शेजारी नवा त्रास दर वर्षी सरासरी २.९ टक्के रुग्णांना सुरू होतो असं निघालं, आणि आधीच झिजलेल्या शेजारणीला तो धोका जास्त. त्याचं चुकत नव्हतं. तरी मी एकाच पातळीवर ठाम राहिलो. न दुखणाऱ्या, न दाबणाऱ्या गादीची हालचाल कायमची काढून घ्यायची, मधुमेह आणि तंबाखू असताना जोड लागण्याच्या दोन जागा ठेवायच्या, तेही उद्या कदाचित बिघडेल म्हणून? रुग्णाला दोन्ही बाजू सांगितल्या. ते म्हणाले, "जे मोडलंय तेवढंच नीट करा."

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी बहुधा मुकादमांना सोबत आणलं होतं. "गोणी उचलता येईल ना परत?"

नाही, असं मी म्हणालो. मानेवर आणि डोक्यावर पुन्हा कधीच नाही.

माथाडी हा शब्द माथ्यावरून आला. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना उभं केलं, १९६९ मध्ये कायदा झाला, मंडळं आली, भविष्यनिधी आला. टोळीतलं नाव ही या घरांत जमिनीसारखी मिळकत असते. मी नाही म्हणालो तेव्हा माझ्यासमोर त्या माणसाची जमीन जात होती. बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी मुकादम म्हणाले, "वजनाच्या पावत्या लिहायला माणूस लागतो. बघतो मी. साहेब, तुम्ही फक्त नीट पत्र लिहून द्या." मी त्या दिवशीच लिहून दिलं. कोणत्या हालचाली बंद, किती वजन चालेल, कधीपासून. रुग्णालयाच्या ठरलेल्या मजकुरात "हलके काम करावे" एवढंच असतं. त्यानं कोणालाच काही मिळत नाही.

दोन आठवडे साखर आटोक्यात आणण्यात आणि तंबाखू सोडवण्यात गेले. निकोटिनमुळे हाडाची जोड लागायला वेळ लागतो, कधी लागतच नाही, मग ते धुरातून येवो की चुना लावून मळलेल्या तंबाखूतून. चुन्याची डबी त्यांनी बायकोच्या हातात दिली.

ऑपरेशनच्या खोलीत

भूल देताना मान मागे न टाकता व्हिडिओच्या मदतीनं नळी घातली. दबलेल्या मज्जारज्जूला रक्तपुरवठा कमी पडू नये म्हणून रक्तदाब खाली जाऊ दिला नाही, आणि हातापायांकडे जाणारे विद्युत संदेश सतत तपासले जात होते. गळ्यावर उजवीकडे, कंठमण्याच्या किंचित खाली, त्वचेच्या घडीतच चार सेंटिमीटरचा आडवा छेद. पुढून म्हणजे सगळं कापत जायचं, असं लोकांना वाटतं. तसं नाही. बोटाला धडधडणारी मानेची रोहिणी लागते, तिला बाहेरच्या बाजूला ठेवायचं, श्वासनलिका आणि अन्ननलिका आतल्या बाजूला, आणि मधला पडदा बोटानंच उलगडत जातो. तळाशी पांढरे मणके. गादीत सुई टोचून एक्स-रे पाहिला, कारण वरून पाहताना सगळ्या गाद्या सारख्याच दिसतात आणि चुकीची पातळी ही कधीच होऊ नये अशी चूक आहे. सुई सी ५-६ मध्येच होती.

मायक्रोस्कोपखाली गादी काढली, हाडाची टोकं बारीक ड्रिलनं घासली. अस्थिबंधाला छिद्र होतं, आणि त्याच्या मागे लपलेला तुकडा चिमट्यानं ओढला तर शिजलेल्या कोळंबीएवढा, तसाच पांढरा आणि चिवट, अखंड बाहेर आला. तो निघाल्यावर काही क्षण काही झालं नाही. मग चपटं पडलेलं आवरण हळूहळू पुढे आलं आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर हलायला लागलं. इतकी वर्षं पाहतो आहे, तरी त्या क्षणी खोलीतले सगळे गप्प होतात. गादीच्या जागी आधार म्हणून ६ मिलिमीटर उंचीचा पोकळ पिंजरा, त्यात त्यांच्याच हाडाचा चुरा, पुढून पट्टी आणि चार स्क्रू.

त्या रात्री डॉक्टरपेक्षा परिचारिका महत्त्वाची. आत रक्त साठून गळा फुगला तर श्वास मिनिटांत कोंडतो, म्हणून गळ्याचा आकार, आवाज आणि श्वास दर तासाला पाहायचा. काही झालं नाही.

त्यानंतर

सकाळी कळ गेली होती. अंगठा होता तसाच बधिर. दुसऱ्या दिवशी ते चालले, तिसऱ्या दिवशी घरी. घास घशात अडकतो, ही तक्रार जवळपास सगळ्यांची असते. त्यांची दोन आठवडे टिकली, मऊ भात आणि पेज यांवर काढले. पट्टा मी पंधरा दिवसांतच काढायला लावला. घरच्यांना तो हवा होता, पट्टा म्हणजे सुरक्षा असं वाटतं, पण महिनोन् महिने घातलेल्या पट्ट्यानं मानेचे स्नायू आळशी होतात.

सहाव्या आठवड्यात मनगट माझ्या दोन बोटांना पडेना. तिसऱ्या महिन्यात बटणं स्वतः लावून आले, वरचं एक सोडून. चालणं सगळ्यात हळू सुधारलं, आणि तोच काळ घरात अवघड गेला. पगार निम्मा, पोरगीचं कॉलेज, आणि तंबाखू दोनदा परत सुरू झाली. दुसऱ्यांदा बायकोनंच मला फोन करून सांगितलं.

वर्षभरानं एक्स-रेत दोन मणक्यांमध्ये हाडाचा पूल दिसला. एमआरआयमध्ये पाण्याच्या पांढऱ्या रेघा परत आल्या होत्या. मज्जारज्जूतला डाग थोडा आक्रसला, पण आहे, आणि बहुधा राहील. मूठ दहा सेकंदांत उजवी १९, डावी २२. गुण १६. अंगठ्याच्या टोकाला अजून कापूस लावल्यासारखं वाटतं, आणि जिना उतरताना ते कठडा धरतात. सध्या ते वजनाच्या पावत्या लिहितात. पेन बोटांत टिकावं म्हणून त्यांनी त्याला सुतळीचे वेढे दिले आहेत, गोणी शिवायच्या सुतळीचे.

सी ६-७ चा फुगवटा तेवढाच आहे. मधलं बोट ठीक, कोपराची ताकद पूर्ण. सहकारी ती फिल्म माझ्याकडे देताना काही बोलला नाही, मीही नाही. पुढच्या वर्षी याच महिन्यात त्यांना परत बोलावलं आहे.